पंचवीस हजार कणांचा चहा

पीएच.डी.च्या मुलाखतीत "अलीकडे वाचलेला एखादा शोधनिबंध सांगा" असा प्रश्न आला की बरेच जण कागदी कपाचा अभ्यास सांगतात. कारण उघड आहे. अभ्यास भारतीय आहे, विषय रोजचा आहे, आणि आकडा तोंडपाठ आहे: कागदी कपात गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात २५,००० मायक्रोप्लास्टिक कण उतरतात. समोर कुणी पॉलिमरवाले सर किंवा मॅडम बसले असतील तर त्यांचा पुढचा प्रश्न साधाच असतो. "केवढे कण?" आणि तिथे उमेदवार अडकतो.

आजची पोस्ट त्या प्रश्नावर. हा निबंध चुकीचा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. तक्रार आहे ती त्यातून बाहेर पडलेल्या आणि सगळीकडे एकट्याच फिरणाऱ्या आकड्याबद्दल. कणांची संख्या आकाराशिवाय सांगितली, तर ती तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही. हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि पेन पुरतं. शिवाय कपाला आतून जे लावलेलं असतं त्याची थोडी माहिती हवी. ती नसल्यामुळेच सगळा घोळ होतो, असं माझं मत.

आधी निबंध. वेद प्रकाश रंजन, अनुजा जोसेफ आणि सुधा गोयल, आयआयटी खरगपूर. 'जर्नल ऑफ हझार्डस मटेरियल्स'च्या २०२१ च्या अंकात आला. बातम्या २०२० च्या शेवटीच सुरू झाल्या होत्या. त्यांनी बाजारात मिळणारे कप घेतले, ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं पाणी ओतलं, १५ मिनिटं ठेवलं, आणि मग पाण्यात आणि कपाच्या आतल्या पापुद्र्यात काय बदललं ते पाहिलं. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली १०० मिलीलिटरमागे साधारण २५,००० मायक्रॉन-आकाराचे कण मोजले. त्याहून बारीक, एका मायक्रॉनच्या आतले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगळे मोजले, ते कितीतरी पट जास्त निघाले. पाण्यात फ्लोराइड, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट यांचे आयन सापडले. पापुद्र्यात शिसं, क्रोमियम, कॅडमियम असे जड धातू सापडले.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो, कारण टीका म्हणजे फक्त चुका काढणं असा आपल्याकडे समज आहे. प्रश्न उत्तम निवडला. परदेशी निबंधातली पद्धत उचलून आपल्या नदीच्या पाण्याला लावली, असा प्रकार इथे नाही. भारतात करोडो लोक रोज करतात ती कृती टेबलावर आणली, आणि तापमानही चहाचंच घेतलं. एकाच उपकरणावर न थांबता मोठ्या कणांसाठी एक आणि बारीक कणांसाठी दुसरं तंत्र वापरलं. आणि नुसतं पाणी न तपासता पापुद्राही तपासला. माझ्या मते निबंधातला सगळ्यात मोलाचा भाग ही शेवटची गोष्टच आहे.

मग आता हा पापुद्रा म्हणजे नेमकं काय?

कागदी कप कागदाचा असतो हे खरं आहे, पण कागद चहा धरून ठेवत नाही. चहा धरतं ते आतलं पॉलिइथिलीन, बहुतेक वेळा एलडीपीई. ते कागदावर चढवायच्या पद्धतीला एक्स्ट्रुजन कोटिंग म्हणतात. प्लास्टिकचा दाणा स्क्रूच्या यंत्रात वितळवतात, तोही नुसता वितळण्यापुरता नाही. एलडीपीई वितळतं साधारण १०५ ते ११५ अंशांना, पण इथे ते ३०० अंशांच्याही पुढे नेतात. मग एका लांब, अरुंद फटीतून त्याचा पडदा खाली सोडतात. खालून कागदाचा रोल वेगाने धावत असतो. पडदा कागदावर पडतो आणि लगेच एका थंड रोलरखाली दाबला जातो. काम झालं.

इतकं तापवायचं कशाला? पॉलिइथिलीन हा स्वभावाने कुणालाच न चिकटणारा पदार्थ आहे. फटीपासून कागदापर्यंतच्या काही सेंटिमीटरच्या प्रवासात, सेकंदाच्या एका बारीक हिश्श्यात, त्या तापलेल्या पडद्याच्या पृष्ठभागाचं हवेतल्या ऑक्सिजनने थोडं ऑक्सिडेशन होतं, आणि तेवढ्यामुळे तो कागदाला धरून बसतो. म्हणजे चिकटावा म्हणून प्लास्टिक थोडं 'खराब' करूनच लावतात! या तापमानाला काही लांब साखळ्या तुटतात आणि मेणासारखे छोटे तुकडे तयार होतात. हे तुकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

जाता जाता: कोटिंग आणि लॅमिनेशन एक नव्हे. कोटिंगमध्ये वितळलेलं रेझिन थेट कागदावर किंवा फॉइलवर जातं. लॅमिनेशनमध्ये आधीच तयार असलेली फिल्म डिंकाने, म्हणजे बहुधा पॉलियुरेथेनच्या अॅढेसिव्हने, दुसऱ्या फिल्मला चिकटवतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात हा दुसरा प्रकार असतो. गोळ्यांच्या पाकिटामागचा अॅल्युमिनियमचा पत्रा तिसऱ्याच जातीचा. २० ते २५ मायक्रॉनची फॉइल, आणि तिच्यावर काही ग्रॅम प्रति चौरस मीटर इतकंच उष्णतेने चिकटणारं लॅकर. ते लॅकर नसेल तर फॉइल खालच्या पीव्हीसीला धरणारच नाही. तिन्हीकडे गोष्ट एकच: वजनात नगण्य असलेला थर वस्तूचं अख्खं काम करतो, आणि नाव मात्र जाड थराचं लागतं.

आता आकडेमोड. चहाचा १०० मिलीचा कप घ्या. आतलं क्षेत्रफळ ढोबळमानाने १२० चौरस सेंटिमीटर. कोटिंग साधारण १५ ग्रॅम प्रति चौरस मीटर धरू, या क्षेत्रात हे नेहमीचं प्रमाण आहे. म्हणजे अख्ख्या कपात प्लास्टिक किती? ०.०१२ गुणिले १५, म्हणजे ०.१८ ग्रॅम. १८० मिलिग्रॅम. घनता ०.९२ धरली तर थराची जाडी येते साधारण १६ मायक्रॉन. हा १६ आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

खरगपूरचे कण कुठल्या आकाराचे? तेव्हाच्या प्रसिद्धीपत्रकात आणि बातम्यांत पल्ला दिलेला होता १० ते १००० मायक्रॉन. ठीक. सगळे कण १० मायक्रॉनचे गोळे आहेत असं धरा. एका गोळ्याचं आकारमान सुमारे ५२० घन मायक्रॉन. त्याला २५,००० ने गुणा, घनतेने गुणा, उत्तर येतं १२ मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. कपातल्या प्लास्टिकच्या पंधरा हजाराव्या भागाइतकं.

आता तेच २५,००० कण १०० मायक्रॉनचे धरा. व्यास दहापट झाला की आकारमान हजारपट होतं. वजन १२ मिलिग्रॅम. म्हणजे पंधरा मिनिटांत कपाचं सात टक्के प्लास्टिक पाण्यात! आणि सगळे १००० मायक्रॉनचे, म्हणजे एक मिलिमीटरचे धरले तर? १२ ग्रॅम. अख्ख्या कपाचं वजनच दोन-तीन ग्रॅम असतं, कागदासकट.

बघा, संख्या तीच आणि वजनात दहा लाखपट फरक. पल्ल्याच्या एका टोकाला निष्कर्ष "नगण्य" आहे आणि दुसऱ्या टोकाला "अशक्य". मग २५,००० ऐकून तुम्ही काय ऐकलंत?

कुणी म्हणेल, गोळे कशाला धरायचे, पापुद्र्याचे कपटे निघत असतील. चांगला आक्षेप आहे. १६ मायक्रॉन जाडीच्या थरातून १०० मायक्रॉनचा गोळा निघूच शकत नाही, कपटाच निघेल. करून बघू. १०० बाय १०० मायक्रॉनचा, पूर्ण जाडीचा कपटा. २५,००० कपट्यांचं वजन ३.७ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के. पण आता वजन सोडा, क्षेत्रफळ पाहा. इतके कपटे निघाले तर कपाच्या आत अडीच चौरस सेंटिमीटर कागद उघडा पडेल. एवढा उघडा कागद पंधरा मिनिटं गरम पाण्यात राहिला तर कप बाहेरून ओला होईल, मऊ पडेल, हातात धरवणार नाही. वापरातला कप पंधरा मिनिटांत असा लोळागोळा होत नाही हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे.

याचा अर्थ एवढाच, की मोजलेल्या कणांपैकी बहुसंख्य पल्ल्याच्या बारीक टोकाकडचे असणार, किंवा थराच्या वरच्या पातळ सालीतून आलेले असणार, किंवा त्यातले काही प्लास्टिकचे नसणारच. हा तिसरा पर्याय गंभीरपणे घ्या. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा प्रत्येक ठिपका पॉलिइथिलीन नसतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात आणि ते अतिनील प्रकाशात झकास चमकतात. कपाच्या कापलेल्या कडेचे तंतूही पाण्यात येतात. म्हणून मायक्रोप्लास्टिकवरचा कुठलाही निबंध वाचताना माझी बोटं आधी तीन गोष्टी शोधतात: कणांच्या आकाराचा आलेख, कणाची रासायनिक ओळख रामन किंवा सूक्ष्म-एफटीआयआरने पटवली का, आणि कोऱ्या चाचणीत, म्हणजे तेच पाणी काचेच्या भांड्यातून त्याच वाटेने नेल्यावर, किती कण निघाले. सारांशात यातलं काही नसलं तर घाबरू नका, पण पूर्ण निबंध उघडल्याशिवाय मुलाखतीत आकडा फेकू नका.

आता दुसरा निबंध शेजारी ठेवू, मग खरी गंमत येते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापनसंस्थेतल्या ख्रिस्तोफर झँगमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी'मध्ये एलडीपीईचं अस्तर असलेल्या कपांवर काम छापलं. त्यांनी पाण्यात सुटलेले कण सूक्ष्मदर्शकाऐवजी फवाऱ्यातून हवेत आणले आणि वायुकण मोजायच्या यंत्रांनी मोजले. आकडा आला लिटरमागे १० चा बारावा घात, त्याहूनही थोडा जास्त. आपल्या भाषेत एक लाख कोटी. आकार ३० ते ८० नॅनोमीटरच्या दरम्यान.

बातमीदाराच्या नजरेने पाहा. १०० मिलीला खरगपूर सांगतं पंचवीस हजार, आणि एनआयएसटी सांगतं दहा हजार कोटी. चाळीस लाखपट! दोघांपैकी एक जण नक्कीच खोटं बोलतोय, असं वाटेल.

पण पुन्हा वही. ५० नॅनोमीटरच्या दहा हजार कोटी गोळ्यांचं वजन येतं साधारण ६ मायक्रोग्रॅम. मघाच्या १० मायक्रॉनवाल्या २५,००० कणांचं होतं १२. म्हणजे चाळीस लाखपट कण, पण वजन निम्मं. या मापाने दोन निबंधांत भांडण राहतच नाही. ते एकाच कपातून सुटणाऱ्या मालाचे दोन वेगळे पल्ले मोजतायत. आणि ते तुटलेल्या साखळ्यांचे मेणासारखे तुकडे आठवतात ना? नॅनो आकाराचं जे सुटतं त्यातलं किती 'झिजलेलं प्लास्टिक' आहे आणि किती हे गरम पाण्यात सुटून थंड होताना पुन्हा कण बनलेलं मेण आहे, हा माझ्या मते या विषयातला खरा उघडा प्रश्न आहे. दोन्ही कण यंत्राला सारखेच दिसतात, पण उपाय वेगळे आहेत. झीज असेल तर जाड थर किंवा वेगळं रेझिन लागेल. मेण असेल तर कोटिंगचं तापमान आणि दाण्याची प्रत बघावी लागेल, म्हणजे प्रश्न चहावाल्याकडे न राहता कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलवर जातो.

इथे कुणी टाळ्या वाजवायच्या आत थांबवतो. "वजन मायक्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे कप सुरक्षित" असं मी म्हटलेलं नाही. वजन हे एक माप झालं. पृष्ठफळ काढा: २५,००० मोठ्या कणांचं एकूण पृष्ठफळ ०.०८ चौरस सेंटिमीटर, दहा हजार कोटी नॅनोकणांचं जवळपास ८. शंभरपट. शरीरात पेशींशी गाठ पडते ती पृष्ठभागाची, आणि इतके बारीक कण जिथे जाऊ शकतात तिथे १० मायक्रॉनवाले जाऊ शकत नाहीत. म्हणजे धोका असलाच तर तो कदाचित प्रसिद्ध आकड्यात नसून त्याच निबंधाच्या दुसऱ्या आकड्यात आहे. आणि कपावरच्या या दोन्ही निबंधांत "किती सुटतं" हे मोजलं आहे, "त्याने काय होतं" हे नाही. कर्करोगाचं नाव जोडणारे फॉरवर्ड या दोनमधली दरी एका उडीत ओलांडतात.

आणि ते "दिवसाला तीन कप म्हणजे ७५,००० कण". ते तर संशोधकांच्या प्रसिद्धीच्या वेळी त्यांच्याच तोंडून आलं होतं. गुणाकार बरोबर आहे, पण गुणाकाराने माहिती वाढत नाही, अटी मात्र गळून पडतात. पंधरा मिनिटं ही अट गळाली. टपरीवरचा चहा कोण पंधरा मिनिटं कपात ठेवतो? तीन-चार मिनिटांत कप संपतो. कपही १०० मिली भरलेला नसतो. पाणी ही अट गळाली. अमृततुल्यच्या पातेल्यातलं दुधाचं, साखरेचं, वेलची-आल्याचं प्रकरण म्हणजे पाणी नव्हे. दुधातली स्निग्धता मेणासारखे रेणू पाण्यापेक्षा सहज ओढून घेऊ शकते. उलट दुधातली प्रथिनं कणांभोवती आवरण करतात आणि मोजणीच अवघड करून ठेवतात. म्हणजे खऱ्या चहात कमी सुटत असेल की जास्त? वेळेचा विचार केला तर कमी, दुधाचा केला तर कदाचित जास्त. "कदाचित" आहे तिथेच तुमचा विषय दडलेला आहे, एवढं सांगून ठेवतो.

हे सगळं बौद्धिक खेळ वाटत असेल तर पुण्याच्या रस्त्यावर या.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. प्लास्टिकचे पेले गेले आणि त्यांच्या जागी "पर्यावरणपूरक" म्हणून कागदी कप आले. मग जुलै २०२२ मध्ये राज्याने दुरुस्ती करून प्लास्टिकचं कोटिंग किंवा लॅमिनेशन असलेले कप, ताटल्या, वाट्या, डबे हेही बंदीत आणले. चार वर्षं जो कप सद्गुणी होता तो एका सकाळी गुन्हेगार झाला. कपात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते आपण त्यातल्या कुठल्या थराकडे बघतो हे.

हा सगळा व्यवहार ज्या कायद्याखाली होतो तो २००६ चा महाराष्ट्र अविघटनशील कचरा नियंत्रण कायदा आहे. कचरा! आरोग्य नाही. कपावर बंदी घालायला कचऱ्याचं कारण पुरेसं भक्कम आहे, त्याला २५,००० कणांच्या टेकूची गरज नाही. पण कुठल्याही चर्चेत बघा, लोक आरोग्याचा आकडा पुढे करतात, कारण तो अंगावर येतो. मग उद्या कुणी माझ्यासारखी आकडेमोड करून आकडा पोकळ आहे असं दाखवलं, की बंदीच पोकळ वाटायला लागते. चुकीचा पुरावा बरोबर निर्णयाला जोडला की निर्णयाचंच नुकसान होतं, ते असं.

कचऱ्याची बाजू बघायची तर पुण्यासारखी जागा नाही. इथल्या कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार केला. त्या नावाकडे नीट बघा. कागद, काच, पत्रा. भंगाराच्या दुकानात ज्याला भाव आहे अशा एकजिनसी वस्तूंची ही यादी आहे. कोटिंग केलेला कप 'कागद' म्हणून विकायला नेला तर दुकानदार ओला, मळका, प्लास्टिक लागलेला माल बाजूला सारतो. गोळ्यांचं पाकीट 'पत्रा' म्हणून चालत नाही. वेफर्सचं पाकीट प्लास्टिक म्हणूनही चालत नाही, कारण त्यात दोन-तीन जातीच्या फिल्म एकमेकांना कायमच्या चिकटवलेल्या आहेत. पल्पच्या मोठ्या यंत्रात कपाचा कागद आणि पापुद्रा वेगळा करता येतो हे खरं आहे. पण त्यासाठी स्वच्छ, वेगळे केलेले कप टनावारी एका जागी यावे लागतात. दोन-तीन ग्रॅमचा चहाने माखलेला कप तिथवर पोचवायची मजुरी कोण देणार?

केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत 'बहुस्तरीय पॅकेजिंग'ची व्याख्या आहे. किमान एक थर प्लास्टिकचा, मुख्य घटक म्हणून, आणि सोबत कागद, पुठ्ठा, फॉइल वगैरेचे थर. "मुख्य घटक" म्हणजे काय? वजनाने पाहिलं तर २०० ग्रॅमच्या बोर्डवर १५ ग्रॅम कोटिंग, सात टक्के. मुख्य कसलं? कामाने पाहिलं तर शंभर टक्के तेच मुख्य. नियम लिहिणाऱ्याने हा प्रश्न सोडवला नाही. युरोपने २०१९ च्या निर्देशात तो सरळ निकालात काढला: अस्तर कितीही पातळ असो, कपावर "यात प्लास्टिक आहे" अशी खूण छापा. टपरीवाल्याच्या दृष्टीने हा फरक ५,००० रुपयांचा आहे. त्याने पाकिटावर 'पेपर कप' वाचून माल घेतला, तपासणीला आलेल्या माणसाने आतला पापुद्रा बघून पावती फाडली. दोघंही आपापल्या परीने बरोबर.

बरं, पर्याय? पीएलएचं अस्तर असलेला कप "कंपोस्टेबल" म्हणून येतो. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, चहा त्याहून बराच गरम. कागदाच्या आधारामुळे कप उभा राहतो, पण पृष्ठभागाचं काय होतं ते मोजायलाच हवं. पाण्यात विरघळवल्यासारखं दिसणारं, प्रत्यक्षात अॅक्रिलिक पॉलिमरचे बारीक कण तरंगत ठेवलेलं डिस्पर्शन कोटिंगही बाजारात आहे, आणि ते सर्रास "प्लास्टिकमुक्त" म्हणून विकलं जातं. वाळल्यावर ते कण एकमेकांत मिसळून सलग थर बनवतात, किंवा अर्धवट मिसळतात. म्हणजे मुळात कणांपासूनच बनलेला थर! त्याला खरगपूरची चाचणी लावा, एनआयएसटीची लावा, आणि मगच एलडीपीईपेक्षा बरा की वाईट ते बोला. नव्या मालाला कमी परीक्षा आणि जुन्याला जास्त, हा पक्षपात शोधनिबंधांतही दिसतो.

ज्यांना विषय हवाय त्यांच्यासाठी. आतापर्यंत जे कप तपासले गेले ते तयार कप. पण कप तयार होताना कोटिंग दुसऱ्यांदा तापतं: बाजूची शिवण आणि बूड चिकटवताना गरम हवेने पॉलिइथिलीन पुन्हा वितळवतात, कारण तेच तिथे डिंकाचं काम करतं. शिवणीला बोर्डाची एक कापलेली कड आतल्या बाजूला राहते, तिच्यावर कोटिंग नसतं, आणि चहा थेट तंतूंना भिडतो. मग सुटणाऱ्या कणांतले किती सपाट कोटिंगमधून येतात आणि किती शिवणीतून? उत्तर शिवण असेल तर रेझिन बदलून काही साधणार नाही, यंत्राची मांडणी बदलावी लागेल.

प्रयोग अवघड नाही. कप बनवणारी छोटी यंत्रं आता कितीतरी गावांत छोटे उद्योजक आणि बचतगट चालवतात. यंत्राशेजारी कापलेल्या, न वळलेल्या शीटची चळत असते. त्यातल्या वीस शीट आणि त्याच रोलचे वीस कप मागून घ्या. शीटला कड लागू नये म्हणून ती काचेच्या दोन कड्यांमध्ये दाबून बसवा, पाणी फक्त कोटिंगच्या बाजूने लागेल असं. क्षेत्रफळ मोजा, पाण्याचं प्रमाण दोन्हीकडे क्षेत्रफळाच्या हिशोबात सारखं ठेवा, तापमान ८५, वेळ तीन, पाच आणि पंधरा मिनिटं. तिसरा संच काचेच्या बीकरचा, कोरा. चौथा संच दुधाचा ठेवायचा मोह होईल. पहिल्या वर्षी तो टाळा, प्रथिनं वेगळी करण्यातच सहा महिने जातील.